ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचे तास

इंजिन ऑइल ठरावीक काळाने बदलावे लागते, हे गाडी असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. सर्व्हिसिंगच्या बिलात ती ओळ दिसली नाही, तर माणूस काउंटरवर जाऊन विचारतो. गिअरबॉक्सच्या तेलाची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. आपली सवय हाताने गिअर टाकायच्या गाड्यांवर पडलेली आहे, आणि त्या गाड्यांत हे तेल वर्षानुवर्षे तसेच राहिले तरी चालून जायचे. तिथे तेलाचे काम मर्यादित असते: दात्यांना आणि बेअरिंगना वंगण देणे. ऑटोमॅटिकमध्ये हेच तेल क्लच दाबते, गिअर बदलते, इंजिनाची ताकद पुढे पोचवते आणि तयार झालेली उष्णता बाहेर नेऊन टाकते. ते निकामी झाले की गिअरबॉक्सही फार काळ टिकत नाही. तेल बदलण्याचा खर्च हजारांत असतो, गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणून हा विषय सर्व्हिस सेंटरवर सोपवून न देता गाडीच्या मालकाने स्वतः समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात आपल्या गाडीत नेमका कोणता ऑटोमॅटिक आहे, इथून करावी लागते. बाजारात सगळ्यांना एकच नाव आहे, आत मात्र चार वेगवेगळी यंत्रे आहेत.

पहिला प्रकार एएमटी. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर तो आपल्याकडे आला आणि छोट्या गाड्यांत रुळला. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाच्या हातापायांऐवजी यंत्रणा बसवलेली असते. आत साधे गिअर ऑइल असते, क्लच प्लेट कोरडी असते, आणि काही गाड्यांत गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचे वेगळे हायड्रॉलिक तेल एका छोट्या डबीत असते. या लेखातली बरीचशी काळजी एएमटीवाल्यांना लागू नाही. त्यांनी गिअर ऑइल आणि ती डबी, एवढे गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेप्रमाणे सांभाळावे.

दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे मूळ ऑटोमॅटिक. इनोव्हा क्रिस्टा, एक्सयूव्ही ७००, डिझेल क्रेटा यांत हाच असतो. यात जे तेल असते त्याला ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड म्हणतात, गॅरेजच्या भाषेत एटीएफ. तिसरा सीव्हीटी, होंडा सिटीच्या ऑटोमॅटिकमध्ये २०१४पासून तो आहे. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन शंकूसारख्या पुलींवर पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी बदलली की गुणोत्तर बदलते. चौथा डीसीटी, ज्याला फोक्सवॅगन डीएसजी म्हणते. यात दोन क्लच असतात, एक सम गिअरचा आणि एक विषम गिअरचा. हे क्लच काही गाड्यांत कोरडे असतात, काहींत तेलात बुडालेले. आपल्याकडच्या डिझेल ऑक्टाव्हियात आलेला सहा गिअरचा डीएसजी ओल्या क्लचचा होता, आणि त्याचे तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलावे असे कंपनीचेच वेळापत्रक आहे. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीला असे ठरावीक वेळापत्रक नाही. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन गिअरबॉक्स, आणि तेलाचा हिशेब पूर्णपणे वेगळा. शेजाऱ्याने काय केले यावरून आपले ठरवता येत नाही ते यामुळे.

आता टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीकडे वळू, कारण तेलाचे काम तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. दोन टेबल पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा हळूहळू फिरू लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेले चाक तेल भिरकावते आणि समोरचे गिअरबॉक्सला जोडलेले चाक त्या माऱ्याने फिरते. दोघांत धातूचा सांधा नसल्यामुळे गाडी सिग्नलला गिअरमध्ये उभी राहू शकते आणि इंजिन बंद पडत नाही. पण दोन चाकांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद तेल घुसळण्यात वाया जाते, आणि वाया गेलेली ताकद म्हणजे उष्णता. म्हणून वेग जरा वाढला की लॉक-अप क्लच नावाचा एक क्लच दोन्ही बाजू एकमेकांना बांधून टाकतो. मग घुसळण थांबते, तेल निवते आणि मायलेज सुधारते.

त्यापुढे खऱ्या गिअरबॉक्समध्ये क्लचचे संच असतात: एक पोलादी चकती, एक कागदासारखे अस्तर चिकटवलेली चकती, पुन्हा पोलादी, अशी चळत. तेलाचा दाब आला की चळत आवळली जाते आणि गिअर पडतो. इथेच या तेलाकडून विलक्षण अपेक्षा आहे. दात्यांमध्ये त्याने घर्षण कमी करायचे, आणि क्लचच्या चकत्यांमध्ये घर्षण नेमके हवे तेवढे ठेवायचे. घर्षण जास्त झाले तर गिअर झटका देऊन पडतो. कमी झाले तर चकत्या घसरतात, तापतात, जळतात. हा समतोल तेलात मिसळलेली थोडीशी रसायने सांभाळतात. तेल वापरून वापरून संपते ते या अर्थाने. लिटर तेवढेच राहतात, रसायने खर्ची पडतात.

या रसायनांचा इतिहास चटका लावणारा आहे. जनरल मोटर्सने १९३९मध्ये हायड्रामॅटिक हा मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला, १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी. १९४९मध्ये त्याच कंपनीने ऑटोमॅटिकसाठी खास तेलाचे पहिले मानक ठरवले. पुढची दोन दशके अशा तेलात घर्षण नेमके राखण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल मिसळत असत. त्या कामाला त्याच्या तोडीचे दुसरे काही तेव्हा हाताशी नव्हते. १९७०मध्ये अमेरिकेने या देवमाशाला नामशेष होण्याच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातले आणि त्याचे तेल वापरणे थांबले. रसायनशास्त्रज्ञांना घाईने पर्याय शोधावा लागला. जनरल मोटर्सच्या नव्या तेलाने घर्षणाचे काम केले, पण कूलरच्या नळ्यांचे सोल्डर खायला सुरुवात केली. मग त्यात गंज रोखणारे रसायन घालून मानक पुन्हा सुधारावे लागले. एक घटक बदलला की दुसरीकडे काय बिघडते, याचे हे लख्ख उदाहरण आहे. ‘कुठलेही लाल तेल टाका, सगळे सारखेच असते,’ असे कोणी म्हणाले की मला हे देवमासे आठवतात.

लाल रंगाचेही सांगून टाकतो. एटीएफ लाल असते ते रंग मिसळल्यामुळे. गाडीखाली ठिबका दिसला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे ओळखता यावे म्हणून. रंगाचा गुणवत्तेशी संबंध नाही. जर्मनीच्या झेडएफ कंपनीचे आठ गिअरच्या गिअरबॉक्ससाठीचे तेल हिरवे असते. पाहायचे असते ते डब्यावरचे नाव आणि मानक. टोयोटाच्या अलीकडच्या ऑटोमॅटिकला डब्ल्यूएस लागते, ह्युंदाईच्या सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरला एसपी-फोर, होंडाच्या नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२, निसानच्या सीव्हीटीला एनएस-३. ही नवी तेले डेक्स्रॉन-थ्री या जुन्या एटीएफपेक्षा पातळ आहेत, कारण पातळ तेल घुसळायला कमी ताकद लागते आणि मायलेज वाढते. गिअरबॉक्सचा पंप, झडपा आणि संगणक त्या पातळपणाचा हिशेब धरूनच बनवलेले असतात. सीव्हीटीत तर चूक आणखी महाग पडते. तिथे पोलादी पट्टा पोलादी पुलीवर घसरू नये यासाठी तेलाने पकड टिकवायची असते. साधे एटीएफ त्यात पडले तर पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि मग तेल बदलून काही उपयोग नसतो.

आता मुख्य प्रश्न. कधी बदलायचे?

अनेक कंपन्यांच्या वेळापत्रकात या तेलासमोर ‘बदलण्याची गरज नाही’ असे लिहिलेले असते. काही तेले तर आयुष्यभरासाठी भरलेली म्हणून सांगितली जातात. इथे झेडएफचे उदाहरण फार बोलके आहे. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत तिचे गिअरबॉक्स असतात. गाडी बनवणारे आयुष्यभराच्या तेलाची भाषा करतात, पण खुद्द गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ सांगते की वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलावे. ज्यांनी यंत्र घडवले त्यांचे म्हणणे मी जास्त मानतो. आणि हा सल्ला प्रामुख्याने युरोपातल्या रस्त्यांचा, तिथल्या हवेचा विचार करून दिलेला आहे.

गाडीच्या मॅन्युअलची, म्हणजे पुस्तिकेची पाने थोडी पुढे उलटली तर बहुतेक गाड्यांत दुसरा एक तक्ता सापडतो, खडतर वापराचा. खडतर म्हणजे काय, याची यादी तिथे असते: वारंवार थांबत-निघत चालणारी गाडी, तीव्र उन्हाळा, धूळ, डोंगराळ रस्ते, जड ओझे. ही यादी वाचून मुंबईत, पुण्यात, नागपुरात गाडी चालवणाऱ्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे की आपली गाडी पहिल्या तक्त्यात बसते की दुसऱ्या. माझे उत्तर ठाम आहे. आपल्याकडच्या शहरात चालणारी जवळपास प्रत्येक गाडी दुसऱ्या तक्त्यातली आहे.

कारण तेल झिजवते ती उष्णता, आणि उष्णता मोजायला किलोमीटर हे फार कच्चे माप आहे. एक हिशेब करून पाहा. सरासरी ताशी ८० किलोमीटरने हायवेवर चालणाऱ्या गाडीचे ४०,००० किलोमीटर ५०० तासांत होतात. सरासरी ताशी २० किलोमीटरने शहरात चालणाऱ्या गाडीला तेवढेच अंतर कापायला २,००० तास लागतात. ओडोमीटर दोन्हीकडे तोच, पण शहरातल्या गाडीचे तेल चौपट वेळ घुसळले गेले. शिवाय हायवेवर लॉक-अप क्लच लागलेला असतो, घुसळण जवळजवळ नसते, समोरून वारा येऊन कूलर थंड राहतो. शहरात लॉक-अप टिकू शकत नाही, गिअर पहिला-दुसरा-पहिला असे बदलत राहतात, वारा लागत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर सरासरी वेग दिसतो. तो आकडा शून्यावर आणून दोन महिने तसाच राहू द्या. नंतर दिसेल तो आकडा तुमच्या गिअरबॉक्सबद्दल ओडोमीटरपेक्षा जास्त खरे सांगेल.

रसायनशास्त्रातला एक ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडेशन साधारण दुप्पट वेगाने होते. नेहमीच्या वापरात गिअरबॉक्सचे तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मे महिन्यात, शनिवारी दुपारी, एसी लावून, पाच माणसे आणि सामान घेऊन खंडाळ्याचा घाट रांगत चढणारी गाडी घ्या. वेग चालण्याइतका, इंजिनावर ताण पूर्ण, कन्व्हर्टर सतत घसरता. तेल त्या पातळीच्या वर जाते, आणि अशा प्रत्येक तासाला ते कित्येक तासांचे म्हातारे होते. घाटात अडकलात तर ब्रेकवर गाडी धरून पुढे मोकळी जागा होऊ द्यावी आणि मग एकदम थोडे अंतर कापावे. इंच-इंच सरकण्यापेक्षा हे बरे. चढावर ॲक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी धरून ठेवणे हा सर्वांत वाईट प्रकार. कन्व्हर्टर त्यात तापतो, डीसीटीचा क्लच तर सरळ जळतो.

तर आकडा काय धरायचा? मॅन्युअलमधल्या खडतर वापराच्या तक्त्यात मुदत दिली असेल तर तीच. ती नसेल तर माझा सल्ला असा: टॉर्क कन्व्हर्टरची गाडी मुख्यतः शहरात चालत असेल तर ५०,००० ते ६०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षे, यातले जे आधी येईल ते. सीव्हीटी असेल तर ४०,०००च्या आसपास, कारण तिथे पट्ट्याची पकड सर्वस्वी तेलावर आहे. ओल्या क्लचचा डीसीटी ६०,०००. मुख्यतः हायवेवर चालणारी गाडी ८०,००० ते १,००,०००पर्यंत जाऊ शकते. वॉरंटी चालू असेल तर हे काम अधिकृत ठिकाणीच करून घ्यावे, म्हणजे पुढे वाद होत नाही.

लक्षणांची वाट पाहू नये. लक्षणे दिसतात तेव्हा झीज सुरू झालेली असते. तरी ती ओळखता यावीत. सकाळी थंड गाडी ‘डी’मध्ये टाकल्यावर पकडायला वेळ लागणे, गिअर बदलताना इंजिनाचे आरपीएम उगाच वर जाऊन मग खाली येणे, ‘आर’ टाकताना जोरदार झटका, ही नेहमीची. एक लक्षण मात्र वेगळे सांगण्यासारखे आहे. ताशी ५० ते ७० किलोमीटरच्या संथ, स्थिर वेगात, गुळगुळीत रस्त्यावर, गाडी दोन-तीन सेकंद थरथरते आणि थांबते. लोक चाकांचे बॅलन्सिंग करतात, इंजिन माउंटिंग बदलतात. ही थरथर पुष्कळदा लॉक-अप क्लचची असते. घर्षण राखणारी रसायने संपल्यामुळे तो चिकटतो-सुटतो. वेळेवर योग्य तेल भरले तर ती बरीचशी थांबते, म्हणून इथे उशीर करू नये. तेल नुसते गडद झाले म्हणून घाबरायचे कारण नाही, काही तेले लवकर गडद होतात. जळका वास आला तर मात्र ते काळजीचे.

आता बदलायचे कसे. हे काम घरच्या पार्किंगमध्ये करण्यासारखे नाही, पण कसे होते ते माहीत असले तर गॅरेजमध्ये उभे राहून पाहता येते आणि योग्य प्रश्न विचारता येतात.

गाडी आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून तेल कोमट करतात, म्हणजे तळाशी बसलेला गाळ त्याच्याबरोबर निघतो. गाडी लिफ्टवर पूर्ण आडवी, समतल हवी. एका बाजूने जॅक लावून हे काम बरोबर होत नाही. चांगला मेकॅनिक तेल काढायचा नट सोडण्याआधी भरायचा नट सैल करून पाहतो. तेल सगळे काढून टाकले आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. निघालेले तेल मापाच्या भांड्यात धरतात आणि किती लिटर आले ते लिहून ठेवतात.

काही गिअरबॉक्सना खाली चेंबर असतो. तो उघडला तर आत लोहचुंबक दिसतात. त्यांच्यावर राखाडी, मऊ, लोण्यासारखा लेप असणे स्वाभाविक आहे. ती रोजची झीज. बोटाला टोचणारे धातूचे कण किंवा तुकडे असतील तर आत काही तुटते आहे. हा चुंबक मालकाने स्वतः पाहावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण गिअरबॉक्सच्या प्रकृतीचा इतका थेट पुरावा न उघडता दुसऱ्या कशातून मिळत नाही. चेंबर उघडलाच आहे तर फिल्टर आणि पॅकिंग नवे घालावे. झेडएफच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लॅस्टिकच्या चेंबरमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे सगळा चेंबर बदलतात. उलट काही गिअरबॉक्सना उघडता येणारा चेंबरच नसतो आणि जाळी आत बंदिस्त असते. तिथे फक्त तेल बदलता येते. ड्रेन नटचा वॉशर नवा घालायचा आणि नट मोजून आवळायचा. अंदाजाने आवळल्यामुळे ॲल्युमिनियमचे आटे गेलेले चेंबर गॅरेजमध्ये हमखास पाहायला मिळतात.

मग येते पातळी, आणि बहुतेक चुका इथे होतात. जुन्या गाड्यांत डिपस्टिक असायची. बऱ्याचशा गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना पाहायची. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र इंजिन बंद करून लगेच. नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तिथे ठरावीक तापमानाला पातळी तपासावी लागते, कारण गरम झाल्यावर तेल फुगते. तेल भरल्यावर इंजिन सुरू करतात, ब्रेक दाबून लिव्हर ‘पी’, ‘आर’, ‘एन’, ‘डी’ असा प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवत फिरवतात, म्हणजे तेल सगळ्या वाटांमध्ये पोचते. स्कॅनर लावून तापमान पाहतात. ते ठरलेल्या मर्यादेत, कित्येक गाड्यांत ४० अंशांच्या आसपास, आले की इंजिन चालू असतानाच पातळीचा नट उघडतात. तेलाची धार लागून ती बारीक होत थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आले नाही तर तेल कमी आहे. ६० अंशांना हीच तपासणी केली तर फुगलेले तेल वाहून जाते आणि थंड झाल्यावर गिअरबॉक्स कमी तेलावर चालतो. कमी तेलात पंप हवा ओढतो. जास्त तेलात फिरते भाग फेस काढतात. फेस दाबला जातो, त्यामुळे क्लचवर हवा तो दाब येत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, घसरणारे क्लच. म्हणून ‘स्कॅनरने तापमान पाहून पातळी लावणार ना?’ हा एक प्रश्न विचारला की गॅरेजची पारख होते. उत्तर गोलमाल आले तर दुसरीकडे जावे.

नट सोडून निघते ते सगळे तेल नसते. टॉर्क कन्व्हर्टर, झडपांचा भाग आणि कूलरच्या नळ्या यांत बरेच अडकून राहते. सात-आठ लिटर मावणाऱ्या गिअरबॉक्समधून तीन-साडेतीन लिटरच बाहेर येतात. दर वेळी ४० टक्के बदलले असे धरा: पहिल्यांदा आत ४० टक्के नवे, दुसऱ्यांदा ६४, तिसऱ्यांदा ७८. म्हणून बरेच मेकॅनिक हजारेक किलोमीटरच्या अंतराने दोनदा-तीनदा तेल काढून भरायला सांगतात, आणि ते मला पटते. मशीन लावून सगळे तेल एकदम बदलायचीही पद्धत आहे. कूलरच्या नळीला मशीन जोडून गिअरबॉक्सचा स्वतःचा पंप जुने तेल बाहेर टाकतो आणि तेवढेच नवे आत घेतो, अशा रीतीने ते होत असेल तर हरकत नाही. बाहेरून दाब देऊन, उलट्या दिशेने तेल ढकलायला मात्र नकार द्यावा. तळाचा गाळ उचलून तो झडपांच्या बारीक वाटांमध्ये नेऊन बसवण्याचा धोका त्यात आहे.

‘इतकी वर्षे तेल बदलले नाही, आता बदलू नका, गिअरबॉक्स जाईल,’ ही भीती गॅरेजमध्ये सर्रास घातली जाते. तिच्यामागे खऱ्या घटना आहेत, पण कारण बहुधा उलटे आहे. लोक तेल बदलायला येतात तेच मुळी गिअर घसरू लागल्यावर. अस्तर तोवर झिजलेले असते. नवे तेल त्याला परत आणू शकत नाही. जो गिअरबॉक्स जाणारच होता तो तेल बदलल्यानंतर जातो आणि दोष तेलावर येतो. गाडी दीड लाख किलोमीटर झालेली, तेल कधीच न बदललेली, पण गिअर नीट पडत असतील तर टप्प्याटप्प्याने तेल बदलावे, मशीनच्या भानगडीत पडू नये. गिअर घसरत असतील तर आधी निदान करावे. तेलावर खर्च करून आशा धरण्यापेक्षा कुशल माणसाकडून दाब आणि एरर कोड तपासून घेणे शहाणपणाचे.

पावसाळ्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण आपल्याकडे दरवर्षी कुठे ना कुठे गाड्या पाण्यात उभ्या राहतात. गिअरबॉक्सला हवेसाठी एक छोटे छिद्र असते, ब्रीदर. तेल तापले की आतली हवा त्यातून बाहेर जाते. तापलेला गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात शिरला की एकदम थंड होतो, आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढले जाते. क्लचचे अस्तर कागदाच्या जातीचे, गोंदाने चिकटवलेले. ते पाणी शोषते, फुगते आणि सुटून येते. अगदी थोडे पाणीही पुरेसे असते. म्हणून चाकांच्या मध्यापेक्षा वर पाणी चढले असेल, तर गाडी सुरू होऊन छान चालली तरीही गिअरबॉक्सचे तेल काढून पाहावे. दुधी दिसले तर ते पूर्ण बदलेपर्यंत गाडी चालवू नये. असेच दुधी-गुलाबी तेल न भिजलेल्या गाडीतही कधी दिसते. पुष्कळ गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला की कूलंट तेलात उतरते. रेडिएटरच्या टाकीत तेलकट थर दिसला तर हीच शंका घ्यावी.

बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने ओढत नेऊ नये. गिअरबॉक्सचा तेलपंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली तर आतले भाग तेलाशिवाय फिरतात. सपाट ट्रकवर चढवून न्यावी, किंवा निदान इंजिनाची ताकद जाणारी चाके जमिनीवरून उचललेली असावीत. उतारावर ‘एन’ टाकून गाडी सोडण्याची सवयही इथे मोडावी. त्यात इंधन वाचत नाही आणि इंजिनाचा ब्रेक मात्र जातो.

तेल बदलल्यावर काही गाड्यांत गिअर पडण्याची जाणीव थोडी वेगळी वाटते. गिअरबॉक्सचा संगणक जुन्या तेलाच्या वागण्याशी जुळवून घेत आलेला असतो. नव्या तेलाशी जुळायला त्याला थोडे चालवणे लागते, किंवा स्कॅनरने त्याची जुनी शिकवण पुसून नव्याने सुरुवात करून द्यावी लागते. कोणत्या गाडीला हे लागते ते कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालची फरशी पाहून घ्यावी, ठिबका असेल तर तेव्हाच कळतो. निघालेले जुने तेल गटारात जाऊ देऊ नका. वापरलेले तेल २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. चांगली गॅरेजेस ते ड्रममध्ये साठवतात.

जुनी ऑटोमॅटिक विकत घेणाऱ्यांसाठी हे सगळे दुप्पट महत्त्वाचे आहे. विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा की गाडी सुरू न करता ठेवा. थंड गाडीच खरे बोलते. ‘पी’वरून ‘आर’, ‘आर’वरून ‘डी’ टाकून पकडायला किती वेळ लागतो ते पाहा, मग ती गरम होईपर्यंत चालवा आणि संथ, स्थिर वेगात थरथर येते का ते लक्ष देऊन अनुभवा. गिअरबॉक्सच्या तेलाचे बिल मागा. ते नसेल तर तेल कधीच बदललेले नाही असे धरून किंमत ठरवा, आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगला ते बदलून घ्या. त्या बिलावर तेलाचे पूर्ण नाव, काढलेले आणि भरलेले लिटर आणि ओडोमीटरचा आकडा लिहून मागा. तेल सीलबंद डब्यातून तुमच्यासमोर भरलेले असावे.